पोळ्याचा गेरू

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंचीवर वसले आहे. जिल्ह्यातील लोक आपल्या प्रदेशाचे दोन भाग मानतात. चिखली, मेहकर हा घाटावरचा भाग; मलकापूर, खामगाव हा पूर्णेच्या काळ्या मातीचा घाटाखालचा. माती निराळी असली, तरी श्रावण अमावास्येला दोन्हीकडे एकच लगबग दिसते. तो पोळ्याचा दिवस. वर्षभर राबणाऱ्या बैलाच्या खांद्यावर त्या दिवशी जू चढत नाही. त्याच्या अंगावर रंग चढतो.

आदल्या सायंकाळी हळद आणि लोणी किंवा तूप लावून बैलांचे खांदे मळतात. सकाळी त्यांना न्हाऊ घालून शिंगे रंगवली जातात आणि मग अंगावर गेरूचे ठिपके, वर्तुळे, हाताचे पंजे उमटू लागतात. या चित्रकलेत आधी रेखाटन नसते. ते असूही शकत नाही. बैल कातडी थरथरवतो, शेपटी मारतो, मध्येच मान वळवतो. खूण पुसून पुन्हा काढण्याची तेथे सोय नाही. म्हणून जाणता माणूस रंगात बोट बुडवण्यापूर्वी जनावर नीट न्याहाळून घेतो.

पहिला ठिपका कोठे पडला, यावर पुढील सारी मांडणी ठरते. वशिंडाजवळ मोठे वर्तुळ आले, तर मागच्या मांडीवर तोलाचे काही हवे. पाठीवर झूल येणार, तेव्हा तेथील नक्षी व्यर्थ जाते. पोटाची रुंद बाजू भरून टाकण्याचा मोह नवशिक्यास आवरत नाही. मग नुसता रंग दिसतो, बैल हरवतो. मोकळी राहिलेली पांढरी कातडी हासुद्धा चित्राचाच भाग असतो. शिवाय तोरणाखाली जोडी उभी राहते. त्यामुळे चित्र दोघांचे मिळून एक व्हावे लागते.

याच डोंगररांगेत, शेजारच्या जिल्ह्यात, अजिंठ्याची लेणी आहेत. पहिल्या लेण्यात झुंजणाऱ्या दोन बैलांचे चित्र आहे. तेथेच एका स्तंभशीर्षावर चार हरणांना मिळून एकच मस्तक कोरले आहे. कोणत्याही हरणाकडे पाहावे, ते मस्तक त्याचेच वाटते. थोडक्या जागेत पुष्कळ सांगण्याची ती मांडणी होय. अजिंठ्याचे चित्रकार आधी भिंतीवर तांबड्या रेषेने आकृती आखीत आणि मग रंग भरीत. पोळ्याच्या चित्रात गेरूची पहिली रेषाच अखेरची असते.

अजिंठ्याच्या भिंतींनी ही चित्रे सुमारे १५०० वर्षे सांभाळली. बैलाच्या अंगावरील चित्र मात्र दोनचार पावसांत धुऊन जाते. त्याची प्रत उरत नाही. उरतो तो सराव, आणि तोही दर वर्षी नव्याने करावा लागतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या घटत आहेत. काही ठिकाणी गेरूऐवजी तेलरंग आले आहेत. ते लवकर धुऊन जात नाहीत, आणि अंग चाटणाऱ्या मुक्या प्राण्यास अपायकारक ठरतात. ज्या घरी बैल नाही तेथे मातीचे बैल पुजले जातात. मुले ते आवडीने रंगवतात. पण मातीचा बैल हलत नाही. दुसऱ्या जिवाच्या हालचालीशी आपला हात जुळवून घेण्याचा धडा त्यातून मिळत नाही. गावात एक जरी जोडी उरली असेल, तरी पोळ्याच्या सकाळी गेरूची वाटी मुलांच्या हाती द्यावी.