सोयींची यादी

दौंडच्या रेल्वे वसाहतीत ज्यांची हयात गेली, त्यांच्या आयुष्यात स्वतःचे घर फार उशिरा येई. नोकरी असेपर्यंत क्वार्टर. निवृत्तीनंतर ते रिकामे करून द्यावयाचे. 1878 साली मनमाडचा मार्ग येथे येऊन मिळाला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन झाले. तेव्हापासून नाना प्रांतांतली कुटुंबे येथे आली, निवृत्तीनंतर निघूनही गेली. काहींनी मात्र फंडाच्या पैशातून गावाच्या कडेला दीड-दोन गुंठे जागा घेऊन चार खोल्या उभारल्या.

अशाच एका निवृत्त गार्डच्या घराला आम्ही आशीर्वाद दिला होता. रस्ता कच्चा होता, पाणी टँकरचे होते. पुढे रस्ता झाला, नळ आला; पण घरधनी देवाघरी गेले. मागे पत्नी एकटी राहिली. मुलगा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, बिऱ्हाड शिरूरला.

गेल्या आगमनकाळात तो आमच्याकडे आला. “फादर, आईला तुम्हीच समजवा. घर विकू आणि तिला घोडनदीला नेतो.” त्याने सोयी मोजून दाखविल्या: इमारतीला लिफ्ट, खालीच दवाखाना, जवळ बँक, बाजार, एस.टी. स्थानक आणि नातवंडांची शाळा. आम्हांस ते पटले. त्याची वकिली करावयास आम्ही त्याच संध्याकाळी त्याच्यासह गेलो.

बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “फादर, सोयी मलाही कळतात. पण माझी यादी ऐका. सकाळी माझं दार उघडलं की नाही, हे शेजारची सून बघून जाते. पाणी आलं की तिचा मुलगा माझी टाकी भरतो. हे गेले त्या रात्री तिचाच नवरा, राखीव पोलीस दलातला, गाडी घेऊन आला. रविवारी मिस्सा झाली की मी यांच्या कबरीवर जाते. यातलं तिथं खाली काय मिळेल?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. त्यावर आम्ही कितीदा प्रवचन केले! परंतु ते करताना आमच्या डोळ्यांपुढे चार भिंतीच असत. भल्या शोमरोन्याचा दाखला सांगणाऱ्या आम्ही, त्या घराला आशीर्वाद देताना, शेजारी कोण राहते हे विचारलेच नव्हते. तो शेजार आमच्या धर्माचा नव्हता, एवढेच कदाचित कारण असावे.

तथापि मुलाची काळजीही खोटी नव्हती. रात्री आई न्हाणीघरात पडली तर, या भयाने त्यालाही झोप नसते. दोघांचेही प्रेमच बोलत होते. अखेर ठरले की घर विकावयाचे नाही. पावसाळ्याचे चार महिने आईने शिरूरला राहावे, आणि घराची एक किल्ली शेजारी ठेवावी.

किल्ली द्यावयास मुलगा स्वतः गेला. आम्हीही सोबत होतो. त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेताना त्याने त्या शेजारणीचे नाव विचारले. इतक्या वर्षांत प्रथमच. आम्हांसही ते तेव्हाच कळले.