वणव्यानंतरचें अरण्य

अमेरिकेंतील यलोस्टोन येथें ऊन पाण्याचीं कारंजीं पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाचें लक्ष वाटेंतच एका विलक्षण अरण्याकडे वेधलें जातें. कोसचे कोस पसरलेले पाइनचे वृक्ष, पण जणुं सारे एका वयाचे! त्यांच्या पायांशीं जुन्या वृक्षांचीं करडीं, शुष्क खोडें आडवीं पडलेलीं दिसतात. हें अरण्य १९८८ च्या वणव्याचें अपत्य होय.

हें राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें. पुढें कित्येक वर्षें आग दिसली कीं विझवावयाची, असाच शिरस्ता होता. विजेनें लागलेली आग, मनुष्यवस्तीस धोका नसल्यास, जळूं द्यावी, असें धोरण १९७२ पासून आलें. १९८८ च्या उन्हाळ्यांत मात्र पावसानें दगा दिला, वारा सुटला, आणि जुलैच्या उत्तरार्धांत सर्वच आगी विझविण्याचें ठरलें. एकंदर सुमारें २५,००० माणसें राबलीं. पण वणव्याचा जोर ओसरला तो ११ सप्टेंबरच्या बर्फानें. उद्यानाच्या सुमारें ३६ टक्के भागास त्याची झळ लागली. पुढच्या हिवाळ्यांत एल्क जातीचीं पुष्कळ हरणें मेलीं.

अशा वेळीं बीं पेरावें, रोपें लावावीं, असें कोणासही वाटेल. अधिकाऱ्यांनीं संयम पाळला. आग अडविण्यासाठीं खणलेल्या जाळरेषा तेवढ्या त्यांनीं बुजविल्या. बाकीचें काम निसर्गावर सोंपविलें. तेथील पुष्कळशा पाइनवृक्षांचीं फळें राळेनें घट्ट मिटलेलीं असतात. तीं उघडतात आगीच्या आंचेनें. वर खोड जळत असतां खालीं राखेंत बीं पडत होतें! जमीन फार खोल तापली नव्हती, म्हणून गवताचीं मुळेंहि वांचलीं. दुसऱ्याच वर्षीं त्या काळ्या भूमीवर गवत, रानफुलें आणि बोटाएवढीं रोपें दिसूं लागलीं.

परंतु वाचकहो, या कथेस पुढचा अध्याय आहे. २०१६ सालीं याच तरुण अरण्याचा कांहीं भाग पुन्हां जळाला. दोन वणव्यांमध्यें शंभर ते तीनशें वर्षें जावीं, ही तेथील जुनी रीत. येथें अठ्ठावीसच गेलीं. कोंवळ्या झाडांजवळ बियांचा सांठा थोडा. त्यामुळें नवीं रोपेंहि विरळच उगवलीं. हवामान तापत चाललें असतां अशीं वर्षें वाढण्याचें भय आहे.

म्हणूनच आपल्या सह्याद्रींत माणसाच्या हातून वरचेवर लागणाऱ्या वणव्यांना यलोस्टोनचा दाखला देऊन निर्दोष ठरवितां यावयाचें नाहीं. त्या अरण्यास पुन्हां उभें केलें तें आगीनें खरें. पण त्यापूर्वीं त्यास दीर्घकाळ निवांत वाढूं दिलें होतें, हें विसरूं नये.