निदान

आमच्या अब्बांची गाडी म्हणजे बारा व्होल्टची, चार सिलिंडरची जुनी डिझेल पिकअप. हौदाच्या फळ्यांवर तीन वेळा रंग चढलेला आणि दाराची काच हातानं धरून वर करावी लागायची अशी. मालेगावच्या कारखान्यांतून ग्रे कापडाच्या गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोहोचवायच्या, कांद्याचा हंगाम असला की खेड्यांतून कांदा मार्केटला आणायचा, हा तिचा उद्योग. घरात आम्ही पाच माणसं आणि सहावी ही. अम्मी म्हणायची, घरात सगळ्यात जास्त खर्च सहावीचाच.

थंडीत तिचं रडगाणं सुरू व्हायचं. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा किती उतरला याची बातमी पेपरात यायला लागली की अब्बांचा चेहरा उतरायचा. फजरची नमाज आटोपून माणसं मशिदीतून बाहेर पडत आणि समोर अब्बा गाडीत बसून चावी फिरवत असत. स्टार्टर घरघर करायचा, मागून पांढरा धूर निघायचा, डोळे चुरचुरतील असा कच्च्या डिझेलचा वास पसरायचा. पण इंजिन काही पेटायचं नाही. मग चार-सहा नमाजी कानटोप्या सावरत गाडीला हात लावायचे. "चलो, एक सवाब और," असं कुणीतरी हसून म्हणायचं. अब्बाही हसायचे. पण ते हसणं उधारी मागायला आल्यासारखं असे. धक्क्यानं गाडी सुरू झाली तरी पहिला मिनिटभर अंगात हीव भरल्यासारखी थरथरायची. दुपारी मात्र हीच गाडी अर्ध्या चावीत सुरू!

त्या हिवाळ्यात अब्बांनी बॅटरी बदलली, स्टार्टर उघडून घेतला. फरक शून्य. मग कुणीतरी सांगितलं म्हणून डिझेलात बुडवलेली चिंधी पेटवून हवेच्या पाइपाच्या तोंडाशी धरायला लागले. इंजिन गरम हवा ओढायचं आणि पेटायचं. एके दिवशी ज्वाळा उलटली आणि उजव्या हाताची तीन बोटं भाजली. अम्मीनं बोटांना मलम लावता लावता विचारलं, "आता ही गाडी हात खाणार की काय?"

त्यात आणखी एक दुखणं. स्टिअरिंगचं लाल तेल गळायचं. सकाळी गाडीखालच्या मातीत तळहाताएवढा डाग दिसायचा. गल्लीत वळण घेताना बॉनेटखालून कुत्र्याच्या पिल्लासारखा कुंईऽऽ असा आवाज यायचा आणि स्टिअरिंग दगडासारखं जड व्हायचं. तेल ओतलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, इंजिनचं काम निघालंय, कॉम्प्रेशन गेलं. दुसऱ्यानं सांगितलं, स्टिअरिंग बॉक्सच बदला. दोघांचे आकडे जोडले तर जी रक्कम व्हायची ती अब्बांकडे होती. पण ती माझ्या बी.एड.च्या फीची होती.

त्या वेळी बी.एड. एक वर्षाचं होतं; 2015 पासून ते दोन वर्षांचं झालं. यादीत माझं नाव लागलं होतं. अब्बा मला काही बोलले नाहीत. रात्री अम्मीला हळू आवाजात म्हणाले, "गाडी चालली तर घर चालेल. पोरीचं एक वर्ष मागं गेलं तर काय बिघडतं?" भिंतीपलीकडून मी ते ऐकलं. राग आला नाही. कारण हिशेब बरोबर होता. रडू मात्र आलं.

शुक्रवार होता, कारखाने बंद, मोहल्ल्यात शांतता. अब्बा त्यांच्या जुन्या ओळखीच्या एका उस्तादांना घेऊन आले. साठी ओलांडलेले, जाड भिंगाचा चष्मा, लिहिणं-वाचणं सहीपुरतं. त्यांचं गॅरेज मुलांनी सांभाळायला घेतलं होतं. ते फक्त सल्ला द्यायला जात. आल्या आल्या त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. ओट्यावर बसले आणि प्रश्न विचारत राहिले. सकाळी त्रास होतो, दुपारी होतो का? धूर काळा की पांढरा? सुरू झाल्यावर किती वेळ थरथरते? चढावर ओढते का? अब्बा उत्तरं देत गेले. शेवटी उस्ताद म्हणाले, "कॉम्प्रेशन गया होता तो दोपहर को भी नखरे करती. चढाव पे भी दम तोडती. ये बीमार नहीं है, इसको ठंड लगती है."

मी विज्ञानाची पदवीधर. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा विसाव्या हिश्श्याएवढी दाबली की इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं, हे मला तोंडपाठ होतं. पण थंड पहाटे लोखंडाच्या भिंतीच ती उष्णता शोषून घेतात, म्हणून या जुन्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरच्या बाजूच्या लहानशा खोलीत एक हीटर प्लग असतो, तो आधी लाल व्हावा लागतो, हे पुस्तकातलं वाक्य माझ्यासमोर पहिल्यांदाच जिवंत उभं राहत होतं.

उस्तादांनी आधी प्लगांवरच्या पट्टीपर्यंत करंट येतो का ते बघितलं. येत होता, म्हणजे रिले ठीक. मग ती पट्टी सोडवली. बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला. पहिला प्लग, बल्ब पेटला. दुसरा, अंधार. तिसरा, अंधार. चौथा पेटला. "दो मर गए," ते म्हणाले. मला राहवलं नाही. भावाचा मीटर आणून मी म्हटलं, बल्ब तर कमजोर प्लगवरही पेटेल, किती ओहम आहे ते बघू या. त्यांनी बाजूला सरकून जागा दिली. मी मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवल्या, त्यांचा स्वतःचा रोध बघितला आणि तो वजा करून सांगितलं : पहिला एक ओहमच्या आत, म्हणजे चांगला. चौथा जवळजवळ चार, म्हणजे जिवंत आहे, पण तापणार नाही. मधल्या दोघांवर डाव्या कोपऱ्यात नुसता एकाचा आकडा, म्हणजे आतली तारच तुटलेली. उस्तादांनी चष्मा वर करून आकड्याकडे बघितलं. "ये पिनें पहले मिलाई क्यूं?" मी समजावलं. ते अब्बांकडे वळून म्हणाले, "इसको पढाओ."

एवढंच बोलले. मी पुढची दहा मिनिटं मान वर केली नाही.

प्लग काढायला त्यांनी घाई केली नाही. इंजिन गरम करून घेतलं, बुडाशी तेल सोडलं. तिसरा प्लग हलेना तर पान्यावर जोर न देता थोडा घट्ट करायचे, थोडा सैल करायचे. प्लग हेडमध्ये तुटला तर शंभराचं काम हजारांवर जातं, हे त्यांचं म्हणणं. जुन्या एका प्लगचं टोक जळून गेलं होतं. चार नवे प्लग हजार-बाराशेत आले. सगळे एकाच वयाचे होते, म्हणून चारही बदलले.

मग स्टिअरिंग. स्टिअरिंग बॉक्स खालून पूर्ण ओला होता, म्हणूनच त्या दुसऱ्यानं बॉक्स बदलायला सांगितलं असणार. उस्तादांनी रॉकेलनं सगळं धुऊन, पुसून, सुकवून घेतलं. मग अम्मीकडे चक्क अंगाला लावायची पावडर मागितली. ती बॉक्सवर, पाइपांवर, पंपावर भुरभुरली आणि मला म्हणाले, बैठ बेटी, इंजिन चालू कर, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरव, पण टोकाला दाबून धरू नको. तिथं दाब सगळ्यात जास्त असतो. गल्लीतल्या दोन बायका दारात येऊन बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या सीटवर बसले होते. अब्बा काही म्हणाले नाहीत.

पाचव्या-सहाव्या फेरीला पांढऱ्या पावडरीवर लाल रेघ उमटली. ती बॉक्सवर नव्हती, पार वर होती, डब्याला परत येणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपखाली. नळी कडक होऊन चिरली होती. तेल तिच्या अंगावरून ओघळत खाली यायचं आणि बॉक्सच्या बुडातून ठिबकायचं. शिवाय तेल कमी झालं की हवा आत जायची. तेलाला फेस, पंपाला कुंईऽऽ. "तेल जहां टपकता है वहां से नहीं निकलता," उस्ताद म्हणाले. "सबसे ऊपर गीला कहां है, वो देखना." तेल चालेल अशी नवी नळी, नवी क्लिप. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकाला फिरवत बुडबुडे संपेपर्यंत तेल भरलं, मग इंजिन चालू करून पुन्हा तसंच. हा खर्च तीनशेच्या आत.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर नमाजी सवयीनं गाडीपाशी थांबले. अब्बांनी चावी अर्धी फिरवली, दिवा विझेपर्यंत थांबले, मग पुढं फिरवली. गाडी सुरू झाली. त्या महिन्यात माझी फी भरली गेली.

बी.एड.ला आम्हांला नैदानिक चाचणी शिकवली. आमच्या उर्दूत निदानाला तशखीस म्हणतात. चूक कुठं दिसते ते नव्हे तर कुठून सुरू होते ते शोधा, मग उपचारात्मक अध्यापन करा, असं मी परीक्षेत चार पानं लिहिलं. मार्कही चांगले पडले.

आणि तरीही नोकरीच्या आठव्या वर्षी मी ती चूक केली. सहावीत एक मुलगा होता. पहिल्या दोन तासांना शून्यात बघत बसायचा. वाचायला उभा केला की ओळ सुटायची, प्रश्न विचारला की पाय हलवत राहायचा. मी वहीवर शेरे मारले : लक्ष नाही, मेहनत नाही. पालकसभेला त्याची अम्मी आली, तिला मी सरळ सांगितलं की याचं डोकं अभ्यासात नाही, उगीच आशा ठेवू नका. ती बाई वाद घालणारी नव्हती. "टीचर म्हणता तर बरोबरच असेल," म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्यापासून मुलगा यायचा बंद झाला.

त्याच्या मोकळ्या जागेनं मला काही सांगितलं नाही. सांगितलं गणिताच्या सरांनी. त्यांचा तास मधल्या सुट्टीनंतर असे. सहज म्हणाले, "तो पोरगा का येत नाही? तोंडी हिशेब फार छान करायचा."

सकाळी त्रास होतो, दुपारी होत नाही. हे वाक्य मी कुठं ऐकलं होतं ते मला माहीत होतं. मधल्या सुट्टीत शाळेत खिचडी मिळते.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. खाली लूम, वर एक खोली. वडील रात्रपाळीला, अम्मी कांड्या भरायला, सकाळी घरात चूल पेटतच नव्हती. पोरगा आदल्या रात्री जेवलेला थेट दुसऱ्या दिवशी खिचडीलाच खात होता. खालच्या खडखडाटात झोप किती होत असेल ते निराळंच. तो एका कारखान्यात लागला होता. मी त्याच्या अम्मीसमोर बसले आणि म्हटलं, बाई, चूक माझी होती. तिला ते पटायला वेळ लागला. टीचर चुकतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सहा आठवड्यांनी तो परत आला. आता परिपाठाआधी शिक्षकांच्या खोलीत चहा-बिस्किटाचा एक डबा असतो. त्यात आम्ही चौघं-पाच जण पैसे टाकतो. कुणासाठी ते विचारत नाही, ज्याला हवं तो घेतो.

सगळं ठीक झालं असं नाही. त्याचं वाचन अजूनही मागंच आहे. ते सहा आठवडे आणि माझं ते एक वाक्य त्यात कुठंतरी अडकलेलं असणार. पहिल्या तासाला हात वर करायच्या आधी तो माझ्याकडे बघून घेतो. उस्ताद गेले. गाडी अब्बांनी विकली. शेवटच्या दिवशीही ती पहाटे एका चावीत सुरू झाली.

मराठीत निदान या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, कमीत कमी. कोणाच्या वहीवर शेरा मारायला पेन उचललं की मला तो दुसरा अर्थ आधी आठवतो. निदान विचारून तरी बघावं, सकाळी काय खाल्लंस?