हातचे पाणी

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नवा फ्रीज घेतला. दारातच पाण्याची तोटी असलेला आणि आत आपोआप बर्फ तयार करणारा. असल्या फ्रीजला नुसती वीज पुरत नाही, पाण्याची लाइनही द्यावी लागते. आम्ही दोघेही लातुरात मराठी शिकवतो. यंत्रांशी आमचा संबंध बेताचाच. तरी त्या दुपारी प्लंबरशेजारी बसून आम्ही बरेच काही शिकलो.

गच्चीवरच्या टाकीची लाइन सरळ फ्रीजला का जोडता येत नाही, हे त्याने वर्गात समजावून सांगावे तसे सांगितले. पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी स्वयंपाकघराच्या नळापेक्षा जेमतेम पाच मीटर उंच, म्हणजे दाब अर्धा बार. पुस्तिकेत मागितलेला किमान दाब याच्या जवळजवळ तिप्पट. शिवाय फ्रीजमधल्या कोळशाच्या फिल्टरने क्लोरीनचा वास जातो, पण बोअरच्या पाण्यातले क्षार जात नाहीत. म्हणून त्याने शुद्धीकरण यंत्राच्या टाकीपासून पाव इंची नळी काढली, मध्ये छोटा पंप आणि एक कॉक बसवला, आणि फ्रीज पुढे ओढता यावा म्हणून मागे नळीचे दोन वेढे सैल सोडले. काम तासाभराचे होते. ते पाहताना आमच्या मनात मात्र वीस वर्षांचा हिशेब चालला होता.

आमचे लग्न 2006 साली झाले. ते आंतरजातीय होते. आमच्यापैकी एकीच्या आजीला गावच्या विहिरीवर हात लावण्याची मुभा नव्हती. दूर उभे राहून, कोणी पोहरा वरून ओतील तेव्हा घागर भरायची, हा तिच्या तरुणपणीचा रोजचा शिरस्ता. आमच्यापैकी एकाच्या घरी पाण्याची जागा माजघरात, देवघराला लागून होती. आईंनी लग्नाला विरोध केला नाही. सुनेला साडीचोळी केली, नावाने हाक मारली, तिच्या नोकरीचे कौतुक केले. फक्त स्वतःच्या पिण्याची तांब्याची कळशी त्या स्वतः भरत आणि तिच्यावर स्वतःच झाकण ठेवत. यावर घरात एकदाही बोलणे झाले नाही. मराठीत याला एक साधे क्रियापद आहे: चालणे. कोणाच्या हातचे पाणी कोणाला ‘चालते’, कोणाला ‘चालत नाही’. या क्रियापदात कर्ता पाणीच असते, त्यामुळे नाकारणारा माणूस वाक्यात नामानिराळा राहतो.

दर वर्षी वर्गात आम्ही महाडचा संदर्भ सांगतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली संमत केला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी 20 मार्च 1927 रोजी प्राशन केले. आणि त्या तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात 1937 साली कायम झाला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे. हे सांगत असताना आम्हांला घरची कळशी आठवे आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळत असू. तळ्यासाठी न्यायालयात जाता येते. कळशीसाठी कोठे जावे, हे आम्हांला सुचले नाही.

मग 2016 आले. लातूरच्या नळांना पाणी येईनासे झाले. मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे 12 एप्रिलला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गल्लीत टँकर येई तेव्हा आईंचे गुडघे त्यांना जिना उतरू देत नसत. लाइनीत उभी राहिली ती सून. तिने आणलेल्या घागरीतून ती कळशी भरली गेली, आणि आई ते पाणी प्यायल्या. त्या रात्रीही कोणी काही बोलले नाही. आमच्यापैकी एकाला ते समेट वाटले, एकीला नाइलाज. आजही यावर आमचे एकमत नाही.

आता कळशी माळ्यावर आहे. आई काठी टेकत फ्रीजपाशी जातात, फुलपात्र तोटीखाली धरतात आणि स्वतःच पाणी घेतात. त्या पाण्याला कोणाचाही हात लागलेला नसतो. कोणाच्या हातचे घ्यावे, हा प्रश्नच उरलेला नाही. आम्हांला ही सोय आवडते आणि तिची थोडी भीतीही वाटते. कारण प्रश्न सुटणे निराळे आणि प्रश्न पडण्याची वेळच न येणे निराळे. यंत्राने आमच्या घरातला पेच मिटवला असेल, तर तो कोणालाही काही कबूल करावयास न लावता मिटवला आहे. ज्या घरात एकमेकांना पाणी द्यावे लागत नाही, त्या घरात माणूस बदलला की नाही हे कशावरून ओळखावे?

त्या दुपारची एक गोष्ट सांगावयाची राहिली. जोडणी झाल्यावर प्लंबरने बजावले होते की पहिले दहा-बारा लिटर पाणी सोडून द्यायचे आणि पहिल्या दिवसाचा बर्फही टाकून द्यायचा. बादली भरत असतानाच त्याला तहान लागली. फ्रीजचे पाणी अजून पिण्याजोगे नव्हते. आम्ही दोघे बादलीत गुंतलेले. आई उठल्या, माठातून तांब्या भरला, भांडे घेतले आणि त्याच्यापुढे धरले.

तो उभ्यानेच घटाघटा प्यायला. आईंनी त्याला आणखी हवे का, ते विचारले. आडनाव विचारले नाही. पूर्वी त्या आधी ते विचारीत असत.