दहा वाक्यं

रविवारी दुपारी जेवणं उरकली की मी त्याच टेबलावर वही उघडते आणि स्पॅनिशमध्ये दहा वाक्यं लिहिते. दहाच. पहिलीतल्या मुलानं लिहावीत तशी. माझं घर लहान आहे. माझी बहीण नागपूरला राहते. मला आंबा आवडतो. मग पानाचा फोटो काढून सलामांकाला पाठवते. मैत्रिणीची मुलगी तिथं शिकायला होती तेव्हा ज्यांच्या घरी राहायची, त्या निवृत्त शिक्षिका बाई माझी वाक्यं तपासतात. त्यांना मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम येतं. आमची ओळख म्हणजे ही दहा वाक्यं.

त्या चूक खोडत नाहीत. माझं वाक्य शाईच्या पेनानं आधी जसंच्या तसं उतरवून घेतात आणि त्याच्याखाली बरोबर वाक्य लिहितात. पहिल्या आठवड्यात त्यांचा कागद आला तेव्हा मी कितीतरी वेळ तो नुसता बघत बसले. नोकरीत तीस वर्षं मी पत्रं लिहिली, टिपणं लिहिली, सगळी शुद्ध. त्यातलं एकही कुणी इतकं सावकाश वाचलं नसेल.

त्या कागदावर आंब्याचं वाक्य होतं. मी लिहिलं होतं, ‘यो गुस्तो मांगो’. आधी ‘मी’, मग क्रियापद, मग आंबा. त्याखाली बाईंनी लिहिलं होतं, ‘मे गुस्ता एल मांगो’. शेजारी आणखी एक वाक्य, मी न विचारलेलं: ‘मे गुस्तान लोस मांगोस’. ‘मे’ म्हणजे ‘मला’. एक आंबा असेल तर ‘गुस्ता’, अनेक असतील तर ‘गुस्तान’. मी दोनतीनदा मोठ्यानं वाचलं आणि लख्खकन दिसलं: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात! क्रियापद आंब्यामागे चालतं, माझ्यामागे नाही. हे तर मला बोलायला लागल्यापासून येत होतं. परकी भाषा म्हटली की हात आपोआप इंग्रजीच्या साच्याकडे जातो, शाळेनं लावलेली सवय आहे ती. मनात बरोबर असलेलं वाक्य मी त्या वळशानं नेलं आणि वाटेत मोडलं.

मग मी चुकांची वाट पाहायला लागले. ‘मी आईला पाहते’ हे लिहिताना ‘बेओ मी माद्रे’ लिहिलं. उत्तर आलं, ‘बेओ आ मी माद्रे’. मध्ये एवढासा ‘आ’. झाड पाहिलं तर हा ‘आ’ लागत नाही, पण आपलं माणूस पाहिलं की लागतो. पुन्हा तेच! आपणही झाड पाहतो, घर पाहतो, पण आईला पाहतो. तो ‘ला’ का लागतो, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. अटलांटिकच्या काठावरच्या त्या भाषेनंही माणूस आणि वस्तू यांच्यात ही एवढीशी खूण ठेवली आहे, आणि मला ती मराठीत दिसली ती तिच्यामुळे.

सगळंच असं जुळत नाही. दूध तिकडे स्त्रीलिंगी आहे, ते पाठच करावं लागतं. ‘आन्योस’ म्हणजे वर्षं, पण त्यातल्या एका अक्षरावरची नागमोडी रेघ राहिली की वय सांगताना भलताच शब्द होतो. आणि प्रश्नचिन्ह वाक्याच्या आरंभीही द्यायचं, उलटं. स्पॅनिश अकादमीनं 1754 मध्ये हा नियम केला, कारण लांबलचक वाक्य अर्धं वाचून होईपर्यंत तो प्रश्न आहे हे कळायचं नाही. आपला ‘का’सुद्धा शेवटीच येतो. मला ते उलटं चिन्ह फार आवडतं. विचारण्याआधी कुणी हलकेच हात उचलावा तसं दिसतं.

त्याच सलामांकात 1492 साली आंतोनियो दे नेब्रिखाचं कास्तेयानो, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचं व्याकरण छापलं गेलं. त्याचे पाच भाग आहेत आणि पाचवा खास परक्या भाषेतून येणाऱ्यांसाठी लिहिलेला. ही भाषा पुढे तलवारीबरोबर समुद्रापार गेली, ते मी विसरत नाही. तरी त्या पाचव्या भागाचं मला अप्रूप वाटतं.

सहाव्या की सातव्या आठवड्यात बाईंनी माझा ‘उस्तेद’ बदलला. तो आदराचा शब्द, ‘आपली कृपा’ अशा अर्थाचं जुनं संबोधन झिजून झालेला. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘तू’. उच्चारही आपल्यासारखाच, तू. ऐंशी ओलांडलेल्या बाईंना तू म्हणायचं? लेखणी अडखळली. मग आजी आठवली. अगं आजी, तू जेवलीस का, असंच तर आम्ही म्हणायचो. तेव्हापासून माझ्या मनात ‘त्या बाईं’ची ‘ती’ झाली.

मागच्या महिन्यात मी लिहिलं, ‘मी पाद्रे एस मुएर्तो’. माझे वडील हयात नाहीत. ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार, असं पुस्तकानं शिकवलं होतं. मृत्यूहून कायमचं काय असणार? पण तिनं लिहिलं, ‘एस्ता’. जे घडून गेल्यावर माणूस ज्या अवस्थेत उरतो, तिला एस्तार. त्या दिवशी एवढ्यावर ती थांबली नाही. खाली उलटं प्रश्नचिन्ह काढून तिनं विचारलं, ‘कोमो से यामाबा?’ काय नाव होतं त्यांचं?

मी वर्तमानकाळात उत्तर दिलं. तिनं ते उतरवून घेतलं, खाली ‘यामाबा’ लिहिलं, आणि पुढच्या रविवारी दहाही वाक्यं वडिलांविषयी, याच काळात लिही, म्हणून सांगितलं.

हा काळ इंग्रजीतून मला कधीच नीट कळला नसता. शाळेतला रीतिभूतकाळ आठवला आणि सगळं सोपं झालं. बाबा पहाटे उठत. सगळ्यांसाठी चहा करत. चाकूनं माझ्या पेन्सिलींना टोक करून कंपासपेटीत ठेवत. एकदा घडलेलं नव्हे, रोजचं. ‘से लेबान्ताबा’, ‘प्रेपाराबा’. वाक्यं दहावर थांबली नाहीत, सतरा झाली, पान उलटावं लागलं. आई शाळेतून साडेपाचला यायची आणि बाबा पाचपासूनच फाटकाशी उभे राहत. ‘मी पाद्रे एस्पेराबा आ मी माद्रे’, बाबा आईची वाट पाहत. ‘आ’ आठवणीनं घातला.