कामातून आलेली क्रियापदं

वरणगावात माझ्या कानांवर इंग्रजी पडलं ते पुस्तकाआधी, मोठ्यांच्या बोलण्यातून. १९६४ साली इथे आयुध निर्माणी सुरू झाली, जवळच दीपनगरचं वीजकेंद्र, पलीकडे भुसावळचं जंक्शन. संध्याकाळी ओट्यावर कामाच्याच गप्पा. संचाचं शटडाऊन आहे, इंजिन ब्रेकडाऊन झालं, केळी भरायला पिकअप आली नाही. इंग्रजीचा तास आम्हाला पाचवीपासून. तोवर हे शब्द घरचे झाले होते.

शाळेत अशीच जोडीची क्रियापदं यादी होऊन आली. 'लुक आफ्टर' सांभाळणे, 'लुक फॉर' शोधणे, 'लुक डाऊन ऑन' तुच्छ लेखणे. पेपरात ती बरोबर लिहिली जात, बोलताना तोंडात येत नसत. यादीला प्रसंग नव्हता.

प्रसंग पुढे नोकरीत, प्रवासात भेटले. बसमध्ये, रेल्वेत चढायचं तर 'गेट ऑन', उतरायचं तर 'गेट ऑफ'. मोटारीत मात्र 'गेट इन' आणि 'गेट आउट'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे 'ऑन', वाकून शिरावं लागतं तिथे 'इन'. एवढं उमगलं की रिक्षाचं आपोआप सुटतं. दिवा मालवायला 'टर्न ऑफ द लाइट' चालतं, 'टर्न द लाइट ऑफ'ही चालतं. पण दिव्याऐवजी 'इट' म्हटलं की ते मधेच बसतं, 'टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर'ची जोडी मात्र फुटत नाही. आजीला सांभाळ म्हणताना 'लुक आफ्टर हर' असंच म्हणावं लागतं.

क्रियापदाला जोड देऊन अर्थ बदलायची ही रीत आपल्याला परकी नाही. 'खाल्लं', 'खाऊन टाकलं' आणि 'खाऊन बसला' यांतला फरक खानदेशातलं लहान मूलही चुकत नाही. तो त्याला कुणी फळ्यावर शिकवलेला नसतो. ताटावर, अंगणात, रागावण्यातून तो कळतो.

२००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. वर्षं वाढली, आता प्रसंगही वाढवावेत, असं मला कळकळीनं वाटतं. 'इंजिन ब्रेकडाऊन झालं' म्हणणाऱ्या मुलाला 'द इंजिन ब्रोक डाऊन' एका पावलावर आहे. ते पाऊल वर्गातला पंखा बंद करताना, बसमधून उतरताना, हरवलेलं दप्तर शोधताना त्याच्याकडून टाकून घ्यावं. अर्थ त्याला ठाऊकच आहे. वाक्य त्याच्या तोंडून यायला हवं.