एका झोळीत चार ऋतू

सायकलीवरून हिमालयात जायचे म्हटले की लोक पायांची चौकशी करतात. मांड्या तयार आहेत का, दम पुरेल का, असे काळजीने विचारतात. अंगावर काय घालणार, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि मनाली ते लेह या वाटेवर, रोहतांगवरून गेल्यास सुमारे पावणेपाचशे किलोमीटरांत, माणसाला खरा छळतो तो हाच प्रश्न!

याला कारण त्या वाटेचा स्वभाव. मनाली दोन हजार मीटरांवर, देवदारांच्या सावलीत वसलेली. रोहतांगची खिंड ३,९७८ मीटरांवर. हजार मीटर चढले की तपमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, असा हिशेब आहे. म्हणजे सकाळी बाह्या सारून निघालेला प्रवासी माथ्यावर पोहोचतो तो बारा अंश मागे टाकून. पुढे बारालाचा आहे, लाचुलुंगला आहे आणि ५,३०० मीटरांहून उंच असलेला तंगलंगला आहे. लाहौल ओलांडले की पाऊस विरळ होतो खरा. पण ऐन जुलै-ऑगस्टमध्येही एखादा ढग खिंडीत अडकतो आणि ऊन, वारा, गारा, बर्फ असे चारही ऋतू जेवणाच्या सुट्टीपूर्वी उरकून घेतो.

मोटारीतल्या प्रवाशाचे काम सोपे असते. एक जाड कोट चढवला की संपले. सायकलस्वाराला ते साधत नाही, कारण तो स्वतःच एक शेगडी असतो. चढावर ती शेगडी भडकलेली असते. ताशी पाच-सहा किलोमीटरांच्या गतीने वर सरकताना बर्फाच्या कडेलाही पाठीवरून घाम निथळतो. माथा आला की पाय थांबतात, शेगडी विझते आणि उतारावर वारा सुटतो. हवा पाच अंशांवर असली आणि सायकल ताशी चाळीस किलोमीटरांनी धावू लागली, की उघड्या कातडीला ती शून्याखालची वाटते. त्यातून अंग ओले असेल तर विचारूच नका. पाणी हे हवेपेक्षा पंचवीसएक पटींनी अधिक वेगाने शरीराची ऊब पळवून नेते.

यावरचा उपाय कांद्याला उपजत ठाऊक आहे: एकावर एक पापुद्रे. अंगालगत पातळ लोकरीचा सदरा, त्यावर ऊब धरणारा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे हलके जाकीट. ऊब खरी देते ती पापुद्र्यांमध्ये कोंडलेली हवा. कापड बिचारे नुसते राखणदार.

आम्हा देशावरच्या माणसांचा सुती गंजीफ्रॉकावर फार जीव. आपल्या उन्हाळ्यात तो खरोखरच देवमाणूस आहे. पण घाम पिऊन तो अंगाला चिकटतो आणि सुकायचे नाव घेत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. आपल्या धनगराला हे घोंगडीने शिकवले आणि चांगथांगच्या पठारावरील चांगपा पशुपालकांना त्यांच्या मेंढ्यांनी आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्यांनी. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या जॉर्ज मॅलरींचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्यांच्या अंगावरही रेशीम, सूत आणि लोकर यांचे थरांवर थर होते आणि वर गॅबर्डिन. थरांची ही युक्ती काही कालपरवाची नव्हे.

पण थर जवळ असणे निराळे आणि ते वेळेवर बदलणे निराळे. आमच्या प्रवासात मी व माझ्या मित्राने केलाँगला एक नियम ठरवला होता: प्रत्येकाचा एक लोकरी जोड जलरोधक पिशवीत बांधून ठेवायचा आणि तो रात्री मुक्कामावरच उघडायचा. झिंगझिंगबारहून निघालो तेव्हा आभाळ निवळ होते. सूरजतालापाशी बर्फाळ पावसाची भुरभुर सुरू झाली. मित्राने जाकीट गळ्यापर्यंत बंद केले आणि तसाच चढत राहिला. बाहेरून पाऊस आत आला नाही. आतला घामही बाहेर गेला नाही.

बारालाचाच्या माथ्यावर, ४,८५० मीटरांच्या आसपास, पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. तो खाली उतरला आणि हातमोज्याचा बंद सोडवू लागला. बोटांना बंद सापडेना. दात वाजत होते, शब्द जड येत होते. मी त्याची पिशवी उघडू लागलो तशी म्हणाला, "रात्रीचे कपडे आहेत ते. राहू दे."

भरतपूरचे तंबू काही किलोमीटरांवरच होते, तेही उताराचे. पण बधिर बोटांनी ब्रेक कसे दाबणार? आणि हाच जोड भिजला तर रात्री काय? एका उभ्या ट्रकच्या आडोशाला मी त्याला नेले, ओला सदरा उतरवला, कोरडी लोकर चढवली, वर स्वेटर आणि जाकीट. कानटोपी घातली, गुळाचा खडा तोंडात दिला. मग सायकली हाती धरून आम्ही पायीच उतरू लागलो, की अंगातली शेगडी पुन्हा पेटावी. अर्ध्या तासाने तो नीट बोलू लागला. पहिले वाक्य होते, "नियम तूच मोडलास हं!" हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

तंबूवाल्या बाईंनी काही न विचारता दोन रजया टाकल्या आणि चहा पुढे केला. आमचे ओले सदरे त्यांनी शेगडीजवळच्या दोरीवर वाळत घातले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नियमाला एक पोटनियम जोडला. चढ लागण्यापूर्वी, थोडी थंडी वाजत असतानाच, एक थर उतरवायचा. आणि माथा आल्याबरोबर, फोटो काढण्याच्याही आधी, तो पुन्हा चढवायचा. त्यासाठी स्वेटर झोळीच्या तळातून काढून वर, हाताशी ठेवला. तंगलंगलावर ऊन लखलखीत होते, तरी मित्राने सायकल टेकवताच आधी स्वेटर घातला आणि मगच आजूबाजूच्या डोंगरांकडे पाहिले.